नदी, नोटीस आणि न्याय : दोन मराठी पुस्तकांच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत 'पर्यावरण' आणि 'लोकशाही' हे दोन शब्द क्वचितच एका पानावर भेटतात. पर्यावरण म्हटले की रान, पाखरे, ऋतू आणि नदीचे वर्णन डोळ्यांसमोर येते. अशा पुस्तकांची नोंद निसर्गलेखनाच्या खात्यात होते. लोकशाही म्हटले की निवडणूक, पक्ष, पुढारी आणि खुर्ची आठवते. अशी पुस्तके राजकीय साहित्यात जमा होतात. धरणामुळे उठलेल्या गावाची कादंबरी तिसऱ्याच खात्यात, म्हणजे ग्रामीण साहित्यात, जाऊन पडते. या वर्गवारीचा परिणाम असा की जो प्रश्न या तिन्ही प्रकारच्या लेखनाच्या मुळाशी आहे तो विचारायचाच राहून जातो. नदी अडवायची, डोंगर खोदायचा, धूर सोडायचा, हे ठरवताना तेथे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले होते काय? विचारले असल्यास केव्हा, कोठे आणि कोणत्या भाषेत? विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी आणि मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक, या दोहोंचा विचार या एका प्रश्नाच्या अंगाने करण्याचा आमचा मानस आहे. दोन्ही पुस्तके अनेक वाचकांच्या परिचयाची आहेत. परंतु ती पांढुर्णा-सौंसरच्या भूमीवरून वाचली असता काही निराळे दिसते, असे आम्हांस वाटते.

आपल्या या पट्ट्याची स्थिती थोडी विलक्षण आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आपण वसलो आहोत. कन्हान नदी डोंगरातून उतरून सौंसरच्या मुलखातून नागपूरकडे जाते. पांढुर्ण्याची जाम नदी तिच्याच खोऱ्यातली. म्हणजे आपले पाणी नागपूरकडे वाहते आणि आपले कागद भोपाळकडे जातात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेला, आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी व कचेरीत हिंदी, ही तेव्हापासूनची आपली रीत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. कचेरी जवळ आली, भाषा मात्र तीच राहिली. सौंसरचे नाव तर भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत अजरामर आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या भागांतील मँगनीज धारण करणाऱ्या खडकांना 'सौंसर गट' असेच नाव आहे. खडकाला गावाचे नाव मिळाले. त्या खडकाचे काय करावयाचे याबद्दल गावाला बोलता आले काय, हा प्रश्न ग्रंथांत नाही.

'पर्यावरणीय न्याय' ही संज्ञा आपल्याकडे बाहेरून आली. १९८२ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या वॉरेन परगण्यात विषारी रसायन मिसळलेली माती पुरण्याचे तेथील शासनाने ठरविले. त्या परगण्यात कृष्णवर्णीय व गरीब लोकांची वस्ती अधिक होती. लोक रस्त्यावर आडवे पडले, शेकडोंना अटक झाली. माती अखेर तेथेच पुरली गेली, पण एक प्रश्न मात्र जगापुढे आला. घाण नेहमी त्याच लोकांच्या दारात का जाते? या प्रश्नाचा पुढे विचार झाला तेव्हा न्यायाचे तीन भाग स्पष्ट झाले. पहिला वाटपाचा : लाभ कोणाला, भार कोणावर. दुसरा विचारणेचा : निर्णयाआधी माहिती कोणाला मिळाली, मत कोणाचे घेतले. तिसरा दाद मागण्याचा : अन्याय झाल्यास कोणाचे दार ठोठावता येते. १९९२ च्या रिओ परिषदेच्या घोषणापत्रातील दहावे तत्त्व हेच सांगते, आणि १९९८ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे झालेल्या करारात युरोपातील देशांनी या गोष्टी कायदेशीर हक्क म्हणून मान्य केल्या. भारत त्या करारात नाही; तथापि आपल्या कायद्यांत या तत्त्वांचे तुकडे विखुरलेले आहेत. त्यांकडे आपण पुढे येऊ.

आता 'झाडाझडती'कडे वळू. ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली व १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. लेखक स्वतः महसूल प्रशासनातील अधिकारी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची कहाणी इतक्या विस्ताराने व इतक्या जवळून मराठीत पूर्वी कोणी सांगितली नव्हती. या कादंबरीचे मोठे यश आमच्या मते तिच्या करुणेत नाही, तपशिलात आहे. विस्थापन ही एका दिवसाची घटना नाही. घर पाण्याखाली जाते तो दिवस म्हणजे केवळ आरंभ. त्यानंतर वर्षानुवर्षे चालतात त्या कचेरीच्या खेपा, मोबदल्याच्या याद्या, लाभक्षेत्रातील जमिनीची वाट पाहणे, आणि नव्या गावातील मूळ रहिवाशांची नाराजी. खैरमोडे गुरुजींसारखे पात्र या सर्वांतून जात असताना वाचकाला कळते की माणूस पाण्याने जितका बुडत नाही तितका कागदाने बुडतो. ज्याने आयुष्य सरकारी मेजामागे काढले आहे त्याला या कादंबरीतील कचेऱ्या ओळखीच्या वाटतात, आणि म्हणूनच ती अस्वस्थ करते.

परंतु या थोर कादंबरीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिचा सारा भार निर्णयानंतरच्या काळावर आहे. धरण होणार हे ठरलेले आहे. प्रश्न उरतो तो उठलेल्यांना न्याय्य वागणूक मिळते की नाही एवढाच. साहजिकच अन्यायाचे स्वरूप अंमलबजावणीतील लबाडीचे होते : लाचखाऊ कर्मचारी, स्वार्थी पुढारी, मधले दलाल. वाचकाच्या मनावर नकळत असा संस्कार होतो की अधिकारी प्रामाणिक असते, याद्या बरोबर असत्या, जमीन वेळेवर मिळाली असती, तर सर्व ठीक झाले असते. वाटपाचा न्याय कादंबरीत आहे, दाद मागण्याची धडपड आहे. विचारणेचा न्याय मात्र तिच्या क्षितिजापलीकडे राहतो. 'झाडाझडती' या शब्दाचा अर्थ कसून तपासणी. ती येथे यंत्रणेची होते; निर्णयाची होत नाही.

हा दोष लेखकाचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला, म्हणजे जमिनीच्या बदली जमिनीची भाषा तेव्हा कायद्यात होती. पण प्रकल्पाआधी लोकांना विचारण्याची तरतूद कोठेच नव्हती. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची केंद्राची अधिसूचना १९९४ सालची, आणि जनसुनावणी सक्तीची झाली ती १९९७ च्या दुरुस्तीने. १९९१ च्या कादंबरीने जे अस्तित्वातच नव्हते ते कोठून दाखवावे? दोष असलाच तर तो नंतरच्या समीक्षेचा. सुनावणीचा कायदा आल्यावरही आपण ही कादंबरी केवळ करुण रसाची म्हणून गौरवीत राहिलो. करुणेचा एक धोका असतो. ज्याची कीव येते त्याचे मत विचारावेसे सहसा वाटत नाही.

तसे पाहिले तर मराठी मुलखात हा प्रश्न फार पूर्वीच उपस्थित झाला होता. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे, आणि जगातील धरणविरोधी चळवळींत त्याची गणना अगदी आरंभीच्या म्हणून होते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला त्यातून एक कटू गोष्ट पुढे आली. मुळशीच्या जमिनींत पुण्याच्या सावकारांचे हितसंबंध होते, आणि प्रत्यक्ष कसणारे मावळे निराळे होते. सावकारांना अखेरीस चांगला मोबदला पुरेसा वाटला. मावळ्यांना जमीनच हवी होती. म्हणजे 'लोकांना विचारा' असे म्हणताना 'लोक' कोण, हा प्रश्न चळवळीच्या आतही असतो. मुळशीची ही शिकवण आपण लक्षात ठेवावी. पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक २०१२ साली आले. बोकील हे समाजशास्त्राचे अभ्यासक आणि 'शाळा'सारख्या कादंबरीचे लेखक. त्यामुळे या पुस्तकात अहवालाची शिस्त आणि गोष्टीचा ओघ दोन्ही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. १९८० च्या सुमारास इंचमपल्ली व भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात त्या भागात जे आंदोलन उभे राहिले त्यातून या गावाला आत्मभान आले, ही नोंद महत्त्वाची आहे. धरणाला 'नाही' म्हणता म्हणता गाव आपल्या कारभाराला 'होय' म्हणायला शिकले. गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची प्रथा पाडली. अभ्यासगट स्थापन केला. त्यात आधी विषय समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत ठरवायचे, असा क्रम ठेवला. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाल्यावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा हा वाद चालूच राहिला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

साहित्याच्या दृष्टीने या पुस्तकाचे वेगळेपण असे की ज्या गोष्टी आपण नीरस मानतो त्याच येथे कथानक होतात. ठराव, पावतीपुस्तक, हिशेब, परवाना, बैठकीची नोंदवही! मराठी कथेने बैठकीला आजवर विनोदाचा विषय मानले. सरपंचाची मिशी, पंचांची भांडणे, चहाचे कप, इतकेच तिच्यात पाहिले. बोकील बैठकीकडे गांभीर्याने पाहतात. एकाचे पटेपर्यंत साऱ्यांनी थांबायचे, ही गोष्ट किती अवघड व किती फलदायी आहे ते त्यांच्या साध्या गद्यातून उलगडते. 'झाडाझडती'तील कागद माणसाला बुडवतो. मेंढ्यातील कागद गावाला तारतो. फरक कागदात नाही. तो कोणी लिहिला, कोणासमोर वाचला आणि कोणाच्या पेटीत ठेवला, यात आहे.

या पुस्तकाविषयीही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला पुस्तकावर, दुसरा त्याच्या वाचकांवर. मेंढा लहान आहे, तेथील वस्ती एका समाजाची आहे, आणि जंगल सर्वांचे आहे. सर्वसहमतीला लागणारी समानता तेथे आधीपासून बऱ्याच अंशी होती. जेथे बागाईतदार आणि त्याच्याच बागेत राबणारा मजूर एका सतरंजीवर बसतात तेथे सर्वसहमती म्हणजे काय? ज्याच्याकडे उद्या कामाला जायचे त्याच्यासमोर 'मला मान्य नाही' असे कोण म्हणेल? अशा गावात सर्वांचे मौन हीच सर्वसहमती ठरण्याचा धोका आहे. पुस्तक मेंढ्याचे असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्यात अपेक्षित नाही. पण ज्यांना ते आदर्श म्हणून पुढे ठेवायचे आहे त्यांनी तरी तो विचारला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की आपण मेंढ्याला फार लवकर 'आदर्श गाव' करून टाकले. एखाद्याला देव्हाऱ्यात बसवले की त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी संपते. गडचिरोलीच्या गोंडांनी केले ते थोर, असे म्हणून आपण आपल्या ग्रामसभेला न जाण्यास मोकळे होतो.

आता हा प्रश्न आपल्या भूमीवर आणून पाहू. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांतून द्यायची असते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयादी ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवायचा असतो. त्याचा सारांश इंग्रजीत, आणि राज्याच्या राजभाषेत अथवा स्थानिक भाषेत द्यायचा असतो. शेवटी सभेची नोंद स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायची असते. या तरतुदीत 'राजभाषा' आणि 'स्थानिक भाषा' यांच्या मधे एक तिरपी रेघ आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात त्या रेघेला अर्थ नाही. दोन्ही बाजूंस मराठीच. पांढुर्णा-सौंसरमध्ये मात्र रेघेच्या एका बाजूस हिंदी आहे आणि दुसऱ्या बाजूस आपले घर. हिंदीतील सारांशाने नियम पुरा होतो, यात शंका नाही. पण शेवटच्या वाचनाला स्थानिक भाषा सांगितली आहे, आणि तेथे मराठीची मागणी करणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. ही मागणी होताना आम्ही तरी पाहिली नाही. त्याच अधिसूचनेत आणखी एक वाक्य आहे : सभा सुरू करण्यासाठी गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली. न येणाऱ्याचे मत शून्य धरले जाते, विरोध धरले जात नाही.

सेवेत असताना अशा मांडवात बसण्याचे प्रसंग आम्हांस आले. तेथे काय होते ते थोडक्यात सांगतो. पहिल्या रांगेत निमंत्रित बसतात. प्रकल्पाचा तंत्रज्ञ पडद्यावर आकडे दाखवतो. ते इंग्रजीतून हिंदीत आणलेले असतात, आणि अशा हिंदीत की ती हिंदीभाषकालाही उमगू नये. मागच्या रांगेतील एखादी वृद्ध बाई उठून वऱ्हाडी वळणाच्या मराठीत विचारते, 'आमच्या विहिरीचं काय होईन?' उत्तर मिळते की पाण्याची पातळी 'अनुमत सीमेत' राहील. नोंदवहीत वाक्य जाते : ग्रामस्थांनी पाण्याविषयी सूचना केली, तिची नोंद घेण्यात आली. या वाक्यात खोटे काहीही नाही. पण बाईचा प्रश्न त्यात नाही. भाषांतरात हरवतात ते शब्द नव्हेत. हरवतो तो बोलणाऱ्याचा हक्क.

हे केवळ आपल्या पट्ट्याचे दुःख नाही, हे २०२० साली साऱ्या देशाला कळले. त्या वर्षी केंद्राने पर्यावरणीय मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचे योजले होते. मसुदा इंग्रजी व हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आदेश दिला की तो निदान आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करावा. केंद्राने या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सर्व भाषांत प्रसिद्धी करणे कायद्याने बंधनकारक नाही, अशी शासनाची बाजू होती. पुढे तो मसुदा अंतिम झाला नाही. परंतु वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मत मागवणे आणि मत देता येईल अशा भाषेत मागवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि दुसरीवाचून पहिली पोकळ आहे. येथे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ची आठवण देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तक्रारीच्या निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. मराठीतील अर्ज पांढुर्ण्याच्या कचेरीने भाषेच्या कारणावरून परत करू नये, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. पण भाषेचे आयुष्य दर्जावर नसते. ती अर्जात, ठरावात आणि हरकतीत वापरली गेली तरच ती नागरिकाची भाषा राहते. नाही तर ती केवळ हळदीकुंकवाची आणि स्नेहसंमेलनाची भाषा होते.

मात्र इथवर येऊन थांबणे आपल्या जुन्या मराठी घराण्यांना फार सोयीचे होईल. मुळशीची शिकवण येथे आठवावी. पांढुर्ण्याचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि तालुक्याचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ सालचा. त्याचे नियम मध्य प्रदेशात लागू झाले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी. आपल्या डोंगराकडच्या गावांतील गोंड आणि कोरकू बांधवांची भाषा कोणती? गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, कोरकूही नाही. ज्या २२ भाषांच्या आदेशाचे आपण स्वागत केले त्यांत त्यांना जागाच नव्हती. हिंदी कागदापुढे आपण मराठी माणसे जितकी परकी, तितकीच मराठी सभेपुढे ती माणसे परकी असतात. मेंढा गावचे लोक गोंड आहेत. त्यांच्याविषयी मराठीत लिहिलेले पुस्तक आपण कौतुकाने वाचतो आणि आपल्या शेजारच्या गोंडाला सभेत मागे बसवतो. या विसंगतीकडे डोळेझाक करून भाषिक अन्यायाची तक्रार करता येणार नाही. न्याय मागणाऱ्याने तो आपल्या खालच्या पायरीपर्यंत मागितला पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. प्रत्येकाला विचारत बसले तर काम होणार केव्हा? कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे आहे. छिंदवाडा सिंचन संकुलासारख्या योजनांत कन्हानच्या खोऱ्यात धरणे व्हावयाची आहेत, आणि त्यांची आशा धरून बसलेलेही आपलेच लोक आहेत. हे सर्व खरे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन सांगितले आहे. पण ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय मूल्यांकन लागते त्यांना त्यातून सूट आहे. कारण हेच, विलंब टाळणे. तथापि न विचारण्यालाही किंमत पडते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला. तो जाळण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती की नाही हा तज्ज्ञांचा विषय. पण पिथमपूरच्या लोकांना आधी विश्वासात न घेतल्यामुळे रस्त्यावर उद्रेक झाला, आणि मग लोकांची समजूत घालण्यासाठी शासनाला उच्च न्यायालयाकडून सहा आठवड्यांची मुदत घ्यावी लागली. ४० वर्षे थांबलेल्या कामात आधीच सहा आठवडे काढता आले नसते काय?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. विचारायचे म्हणजे 'नाही' हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवायची. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटचे खाणकाम व्हावे की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवले, आणि त्या वर्षी बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तेथे विचारणे खरे होते, कारण उत्तर आधी ठरलेले नव्हते. ज्या सुनावणीचा निकाल मांडव घालण्यापूर्वी ठरलेला असतो तिला सुनावणी म्हणता येत नाही; तो उपचार असतो. उलट, जेथे लोकांनी समजून 'होय' म्हटले तेथे काम पुढे अडत नाही, हेही प्रशासनात राहिलेल्यांना ठाऊक आहे.

आणि सगळेच काही बाहेरचे प्रकल्प नसतात. आपल्या संत्र्याच्या बागा विहिरींवर व कूपनलिकांवर उभ्या आहेत. जमिनीखालचे पाणी सातबाऱ्याच्या सीमा ओळखत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो अधिक खोल जातो, आणि शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर उन्हाळ्याआधी तळ गाठते. येथे कंपनी नाही, धरण नाही, नोटीस नाही, सुनावणीही नाही. कोणी कोणाला विचारले नाही आणि कोणी तक्रारही केली नाही, कारण तक्रार करायची ती बागाईतदाराविरुद्ध, ज्याच्याकडे संत्रा तोडायला जायचे असते. भोपाळकडे व दिल्लीकडे जो प्रश्न आपण उगारतो तो येथे आपल्या बांधावर येऊन उभा राहतो. मेंढ्याच्या ग्रामसभेने बांबू कोणी किती तोडायचा ते ठरवले. आपल्या ग्रामसभेने कूपनलिका किती खोल जावी आणि नदीकाठच्या मोटारी किती तास चालाव्यात यावर कधी एक सायंकाळ घालवली आहे काय? पाण्याच्या वाटणीचा न्याय मागायचा तो आधी येथे करून दाखवला पाहिजे.

साहित्याने यात काय करावे, असा प्रश्न रास्त आहे. साहित्य धरण थांबवत नाही आणि बांधतही नाही. पण कोणत्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत हे ते ठरवते. मराठीने बुडणाऱ्या गावाची गोष्ट सांगितली आहे. सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गोष्ट तिने अजून पुरती सांगितलेली नाही. 'झाडाझडती'ने कागदाची क्रूरता दाखवली, मेंढ्याच्या गोष्टीने कागदाची शक्ती दाखवली. या दोहोंच्या मधला प्रदेश, जेथे मिश्र वस्तीचे, तीन भाषांचे, विषम जमिनीचे गाव एकत्र बसून ठरवण्याचा प्रयत्न करते, तो अद्याप रिकामा आहे. तो प्रदेश आपला आहे, आणि त्याची कादंबरी पुण्यामुंबईहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोवर आपल्यासारख्या वाचकांच्या संस्थेला एक साधे काम करता येईल. जुन्या मराठी घरांतील बहुतेकांना मराठी व हिंदी सारख्याच सहजतेने येतात, नव्या पिढीला इंग्रजीही येते. शेजारी गोंडी जाणणारे आहेत. पुढच्या वेळी आपल्या भागातील एखाद्या प्रकल्पाची नोटीस निघेल तेव्हा तिच्या सारांशाचे मराठीत भाषांतर करून आणि गोंडीत तोंडी समजावून ३० दिवसांच्या आत गावोगाव वाचून दाखवावे. त्यावर अनुकूल वा प्रतिकूल मत संस्थेने देऊ नये. मत ज्याचे त्याने द्यावे. सुनावणीच्या दिवशी नोंदीचे वाचन मराठीत व्हावे असा अर्ज अनुच्छेद ३५० चा उल्लेख करून आधी द्यावा. आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या आपण घेऊ नयेत. ज्या बाईची विहीर आहे तिला तेथे बसवावे, म्हणजे तिचा प्रश्न नोंदवहीत तिच्याच शब्दांत उतरेल.